साउथवेस्ट कॉन्फरन्स बुडाली ती टीव्हीच्या पैशापायी

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या खेळाडूंना चोरून पैसे दिल्याचं प्रकरण साउथवेस्ट कॉन्फरन्सला, म्हणजे अमेरिकेतल्या, मुख्यतः टेक्सासमधल्या विद्यापीठांच्या संघांच्या लीगला भोवलं, असं म्हणतात; ते अर्धंच पटतं. सदर्न मेथडिस्टचा १९८७चा अख्खा अमेरिकन फुटबॉल हंगाम रद्द झाला, अब्रू गेली, कबूल. पण खरी मेख १९८४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. टीव्ही हक्कांवरची एनसीएएची (कॉलेज खेळांचं नियमन करणारी देशव्यापी संस्था) मक्तेदारी मोडली आणि जो तो मोठी बाजारपेठ शोधू लागला. टेक्सासबाहेरचं आर्कान्सा विद्यापीठ लीगमधून बाहेर पडल्यावर उरले सगळे टेक्सासवाले. एकाच राज्यातल्या सामन्यांना देशभर कोण भाव देणार? शेवटी टेक्सास, ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर ही विद्यापीठं बिग एट या दुसऱ्या लीगवाल्यांना जाऊन मिळाली. १९१४ साली मांडलेला संसार १९९६मध्ये मोडला. राइस, ह्यूस्टन ही उरलेली विद्यापीठं वाऱ्यावर. आणि बेलरची वर्णी कशी लागली? टेक्सासच्या तेव्हाच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स बेलरच्याच माजी विद्यार्थिनी, एवढंच सांगतो.