बाल्कनमध्ये जोडीने फिरायचं तर रेल्वेनेच! (चर्चा)

रुळांवर
बाल्कनमध्ये, म्हणजे आग्नेय युरोपात, कमी पैशांत फिरायचं तर बसने जा, तिथल्या गाड्या रडतखडत चालतात, असं जो तो सांगतो. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. २०२३च्या जुलैत मी आणि बायको बेलग्रेड (सर्बिया), बार (माँटेनेग्रोचं बंदर), सोफिया (बल्गेरिया), इस्तंबूल असे सोळा दिवस फिरलो. जमेल तिथे रेल्वे, नाइलाज झाला तिथे बस.

नुसत्या बेलग्रेड-बार मार्गासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन. ४७६ किलोमीटर, २५४ बोगदे, ४३५ पूल. युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांच्या काळात कामाला पाव शतक लागलं, १९७६च्या मे महिन्यात मार्ग खुला झाला. कोलाशिन स्टेशन हजार मीटरच्या वर आहे. तिथून गाडी माँटेनेग्रोच्या राजधानीकडे, पोडगोरित्साकडे जी उतरायला लागते, ती थेट दरीच्या कडेने. वाटेत माला रिएकाचा पूल, १९८ मीटर उंच. आपला रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर आहे, यावरून कल्पना करा. खालची झाडं शेवाळासारखी दिसत होती आणि बायकोने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

डब्यात समोर एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून आलुबुखार काढून दिले, आम्ही दशमी आणि लसणाची चटणी दिली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात पुढे करून त्यांनी आणखी चटणी मागितली. एकमेकींची भाषा येत नसताना बायको आणि त्या दोन तास बोलत होत्या. दोघांचं तिकीट पन्नास युरोच्या आत. बसमध्ये हे मिळेल का, सांगा.

हिशेबी
वर्णन आवडलं, मत नाही पटलं. ४७६ किलोमीटरला अकरा-बारा तास म्हणजे ताशी चाळीसच्या आसपास. आपल्याला रजा किती मिळते? त्यात शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) शुल्क आता माणशी ९० युरो, वर विमानाचं भाडं. एवढे पैसे घालून गेल्यावर तिथला प्रत्येक दिवस महाग पडतो. तिकिटात दहा युरो वाचवून अख्खा दिवस डब्यात घालवला, तर बचत कसली?

शिवाय गाड्या आहेत कुठे? बेलग्रेडहून सोफियाला थेट गाडी नाही, उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीला, स्कोप्येला नाही. बारहून सोफियाला तुम्हीही बसनेच गेलात ना? मग 'रेल्वेनेच' कशाला म्हणायचं?

रुळांवर
गेलो, स्कोप्येमार्गे, बसनेच. वर तसं लिहिलंय. पण दिवस 'डब्यात घालवला' हे मान्य नाही. डोंगर बघायलाच तर गेलो होतो, आणि ते खिडकीबाहेरच होते.

म्युनिककर
दोघांच्या वादात व्हिसाचा मुद्दा राहिला, आणि लोक नेमके तिथेच फसतात. सर्बिया आणि माँटेनेग्रो शेंगेनबाहेर आहेत. वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना तिथे जाता येतं. पण तो एकाच प्रवेशाचा असेल तर तुम्ही एकदा बाहेर पडलात की परतीचं दार बंद. अनेक प्रवेशांचा व्हिसा हातात नसेल तर हा मार्ग आखूच नका. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले, आणि तिथले दिवसही आता शेंगेनमध्ये राहायला मिळणाऱ्या नव्वद दिवसांत धरले जातात.

आणि युरेल पास (युरोपभरच्या गाड्यांचा एकत्रित पास) घेऊ नका. इथली सुटी तिकिटंच इतकी स्वस्त आहेत की पासाचे पैसे वसूल होत नाहीत.

निळाई
मी हिशेबी यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. जोडपं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिशीतलीच दोघं येतात. आम्ही साठीला टेकलोय. सोफियाहून इस्तंबूलच्या रात्रीच्या गाडीने गेलो. कापिकुलेला, तुर्कस्तानच्या हद्दीत, मध्यरात्रीनंतर सगळ्यांना खाली उतरवतात. पासपोर्टची रांग, मग सामानाची तपासणी. यांचे गुडघे दुखतात, डब्याच्या पायऱ्या उंच. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताने यांना आधार. परत वर चढलो तेव्हा झोप पार उडालेली. सकाळी गाडी हाल्कालीला थांबली, म्हणजे शहराच्या एका टोकाला. पुढे आणखी लोकल. तो सबंध दिवस आम्ही खोलीत झोपून काढला. हॉटेलची एक रात्र वाचली म्हणतात, ती अशी वाचते.

रुळांवर
निळाईताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्हीही उतरलो होतो, पण आम्हाला त्याची गंमत वाटली. गुडघे दुखणाऱ्याला ती गाडी सुचवणार नाही. दिवसा बसने जावं, हे मान्य.

हिशेबी
सुरक्षिततेचंही बोलूया. तुमच्या त्याच उतारावर, पोडगोरित्साजवळ बिओचेला, २००६च्या जानेवारीत गाडी ब्रेक निकामी होऊन घसरली. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात मुलंही होती.

रुळांवर
ठाऊक आहे. निघण्याआधी बायकोला मीच वाचून दाखवलं होतं, आणि दोघांनी विचार करूनच तिकीट काढलं. बोरघाटात अपघात झाले म्हणून आपण घाटातून जायचं सोडलं नाही.

शकुंतलेची लेक
मी यवतमाळची. बल्गेरियात सेप्तेम्व्री ते दोब्रिनिश्ते अशी अरुंद रुळांची गाडी आहे, १२५ किलोमीटरला पाच तास. रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर. आमच्या शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर गाडीचं, ७६२. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग जायलाच हवं. अव्रामोवो स्टेशन १,२६७ मीटरवर, बाल्कनमधलं सगळ्यात उंच. तिथे एक बाई दोन किटल्या आणि बटाट्याचं पोतं घेऊन चढल्या. पुढच्या स्टेशनावर गार्डने खाली उतरून पोतं उतरवून दिलं, मग शिट्टी दिली. शकुंतलेत लहानपणी मी हेच बघितलंय.

हिशेबी, तुमचं गणित चुकीचं नाही. पण आमच्याकडेही लोक असंच म्हणत एसटीकडे वळले. डबे रिकामे झाले, आणि एक दिवस गाडी थांबली ती थांबलीच. आता रुळांवर गवत आहे. त्या डोंगरातल्या लोकांची गाडी चालू राहावी म्हणून आमची दोन तिकिटं, मी तरी असाच विचार केला.

हिशेबी
हे मनाला लागलं. तरी आठ दिवसांची रजा असेल तर मी बसच म्हणेन. बारची गाडी मात्र एकदा करेन. दिवसाची की रात्रीची?

रुळांवर
दिवसाची, ती उन्हाळ्यातच असते. खाणं घरूनच न्या. आणि कोलाशिन गेल्यावर पोडगोरित्सा येईपर्यंत खिडकी सोडू नका.