मदत हवी आहे: सांडपाणी शुद्ध करूनही समुद्रात इतकं लांब का सोडतात?

सायली_प
उद्या सादरीकरण आहे आणि एकाच प्रश्नावर अडकलेय. प्रायमरी (घाण तळाशी बसवणं) झाली, सेकंडरी (जिवाणूंची प्रक्रिया) झाली, क्लोरीनही दिलं, म्हणजे पाणी स्वच्छ झालं ना? मग समुद्राखालून एवढा मोठा बोगदा कशाला? सरांनी हेच विचारलं, मला सांगता आलं नाही. लवकर सांगा प्लीज. लिंका नकोत, समजावून हवंय.

खारावारा
कुठल्या शहराचा प्लांट? बोगदा किती लांब? आधीचं पाणी कुठे सोडायचे?

जुना_इंजिनिअर
उत्तर सरळ आहे. क्लोरीनने मासे मरतात, म्हणून किनाऱ्यापासून लांब सोडतात. मी नोकरीत असताना कारखान्याच्या सांडपाण्याला हाच नियम लावायचो.

मीनाक्षी७
काका, मोठ्या प्लांटमध्ये तसं नसतं. सोडियम हायपोक्लोराइटने जंतू मारले की सोडियम बायसल्फाइट घालून उरलेलं क्लोरीन काढतात आणि मगच पाणी सोडतात. बॉस्टनला डीअर आयलंडवर असंच करतात.

सायली_प
अहो ताई, बॉस्टनचाच विषय आहे! बोगदा साडेनऊ मैलांचा, सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला. आधी पाणी बॉस्टनच्या बंदरातच सोडायचे. आता सांगा.

खारावारा
आता बोलता येईल. सायली, सेकंडरी म्हणजे काय काढतो आपण? गाळ आणि बीओडी, म्हणजे कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाणारी घाण. डीअर आयलंडला टाक्यांत शुद्ध ऑक्सिजन सोडून जिवाणूंकडून सेंद्रिय घाण खाववतात. पण विरघळलेला नायट्रोजन बराचसा पाण्यातच राहतो. तो विष नाही, खत आहे. उथळ, कोंडलेल्या बंदरात रोज एवढं खत ओतलं तर शैवाल माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. म्हणून बोगदा बंदराबाहेरच्या मॅसॅच्युसेट्स बे या उपसागरात सुमारे तीस मीटर खोलीवर नेला. शेवटच्या दोनेक किलोमीटरमध्ये पन्नासहून जास्त उभे नळ आहेत, प्रत्येकाला अनेक तोंडं. पाणी एका जागी न पडता पसरतं आणि झपाट्याने विरळ होतं. प्लांटचं काम वेगळं, बोगद्याचं वेगळं. सरांना एवढंच सांग.

जुना_इंजिनिअर
म्हणजे घाण पुढे ढकलली, एवढंच ना? पुढे व्हेलचा इलाका आहे. नायट्रोजन प्लांटमध्येच काढायला हवा, माझं मत ठाम आहे.

मीनाक्षी७
बेच्या दक्षिणेकडच्या केप कॉड द्वीपकल्पातल्या लोकांनाही हीच भीती होती काका, आणि ती रास्तच होती. म्हणून बोगदा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, १९९२ पासून, बेच्या पाण्याची आणि तळाची मोजणी सुरू केली. परवान्यातच मर्यादा ठरवल्या आहेत, त्या ओलांडल्या की कारवाईचा आराखडा तयार आहे. शिवाय बंदरातलं पाणी ओहोटीने बेमध्ये आधीही जातच होतं की, आणि तेही फारशी प्रक्रिया न होता.

खारावारा
आणि 'ढकलली' म्हणताना गाळ विसरू नका. डिसेंबर १९९१ पर्यंत तो बंदरातच सोडत होते. आता अंड्याच्या आकाराच्या बारा डायजेस्टरमध्ये, म्हणजे बंद टाक्यांत, कुजवतात, त्याच्या गोळ्या करून खत म्हणून वापरतात. हे आपोआप झालं नाही, १९८५ मध्ये न्यायाधीश डेव्हिड मॅझोन यांनी बंदराच्या प्रदूषणाच्या खटल्यात निकाल दिला तेव्हा चक्रं हलली.

जुना_इंजिनिअर
गाळाचं मान्य. नायट्रोजनवर मी अजून तिथेच आहे.

सायली_प
मासे सुधारले याला पुरावा काय देऊ? सर विचारणारच.

मीनाक्षी७
विंटर फ्लाउंडर दे. ऐंशीच्या दशकात डीअर आयलंडजवळ पकडलेल्या या माशांच्या यकृतात गाठी सापडायच्या, नंतर त्या दिसेनाशा झाल्या. पण श्रेय एकट्या प्लांटला देऊ नकोस. कारखान्यांनी जड धातू आणि रसायनं नाल्यात सोडू नयेत म्हणून उगमापाशीच तपासणी होते, तीही स्लाइडवर घे.

सायली_प
घेते. खारावारा दादा, नळांची आकृती हातानेच काढू का?

खारावारा
हो, बाण दाखव फक्त. खारं पाणी जड, सोडलेलं हलकं, त्यामुळे ते वर चढताना मिसळतं.