ग्रीसमध्ये सँटोरिनीखेरीज कोणती बेटे पाहावीत?

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे आठ दिवसांसाठी ग्रीसला जाणार आहोत. गर्दी टाळून समुद्रकाठची गावे निवांतपणे पाहायची असल्यास कोणती बेटे निवडावीत?

उत्तर १ : मिलोस अवश्य निवडा. तेथील क्लिमा गावात मच्छीमारांची दुमजली घरे अगदी पाण्याला टेकलेली असून, खाली होड्या ठेवण्याची जागा आणि वर राहण्याची खोली अशी त्यांची रचना आहे. त्यांच्या रंगीत दारांवर मावळतीचे ऊन पडते, तेव्हा तेथून पाय निघत नाही.

उत्तर २ : मी सहमत आहे. मात्र परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोहोचा, कारण उत्तरेकडून येणारा मेल्टेमी वारा जोरात असला, की फेरीबोटी रद्द होतात.

उत्तर ३ : अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून हायड्रा बेटावरही जाता येते. तेथे खासगी मोटारींना बंदी असल्याने सामान खेचरांवरून नेतात.