राग गिळणे आणि प्रसंग नव्याने पाहणे

राग गिळला की निर्णय आपोआप शहाणपणाचा होतो, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. अल्टिमेटम गेम नावाच्या प्रयोगात एक जण पैशांची वाटणी सुचवतो; दुसऱ्याने नाकारली तर दोघांनाही काही मिळत नाही. मेंदूचे अभ्यासक सॅनफी आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात १० डॉलरपैकी १-२ डॉलर देऊ केल्यावर मेंदूतला इन्सुला (किळस, चीड अशा नकोशा भावनांशी जोडलेला भाग) जास्त सक्रिय झाला आणि जिथे तो जास्त पेटला तिथे नकारही वाढले. तीच वाटणी संगणकाने सुचवली तर लोकांनी ती कमी वेळा नाकारली. म्हणजे आकड्यापेक्षा समोरच्याचा हेतू जास्त झोंबतो! २०१० चा अभ्यास तर थेट याच मुद्द्यावरचा आहे: राग गिळून नुसता चेहरा निर्विकार ठेवणाऱ्यांपेक्षा प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणाऱ्यांनी अशा वाटण्या जास्त वेळा स्वीकारल्या.

आमच्या खानापूर भागात बांधाच्या भांडणात हे स्पष्ट दिसतं. "सोड रे, गप्प बस" म्हटलेला भाऊ मोजणीच्या दिवशी दुप्पट भडकतो. "दादाला पोरीच्या लग्नाचं कर्ज आहे, म्हणून तो अडून बसलाय" हे कळलं की तोच बोलायला तयार होतो. पण स्वीकारणं म्हणजेच शहाणपण, असं मात्र मी मानणार नाही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पडेल भाव निमूट घेतला नाही, शेतकरी नेते शरद जोशींबरोबर हमरस्त्यावर ठिय्या दिला. तो राग आवरायला सांगणं अन्यायाचंच झालं असतं.