शाळेत जिवंत हायड्रा कसे टिकवावेत? (सल्ला हवा आहे)

प्रश्न
मी एका खेड्यातील शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या मुलांना हायड्रा या गोड्या पाण्यातील इवल्याशा प्राण्याचे मुकुलायन (अंगावर कळीसारखा मुकुल येऊन त्यातून नवा जीव तयार होणे) फळ्यावरच्या आकृतीऐवजी जिवंत प्राण्यात दाखवावे, म्हणून तळ्यातील पाणवनस्पती आणून काचेच्या बरणीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी उजेडाकडच्या काचेवर चार हायड्रा दिसले. परंतु आठवड्याभरात त्यांची शुंडके (तोंडाभोवतीचे धाग्यासारखे अवयव) आखडली आणि ते विरघळून गेले. पाणी तांब्याच्या पिंपातले होते आणि खाद्य म्हणून माशांचे कोरडे दाणे टाकले होते. काय चुकले असावे?

उत्तर १
ताई, दोन्ही कारणे आपल्या प्रश्नातच आली आहेत. हायड्राचे शरीर पेशींच्या दोनच थरांचे असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पेशी पाण्याला भिडलेली असते, आणि आपल्याला निर्धोक असलेले तांब्याचे प्रमाणही त्याला मारक ठरते. म्हणून त्याच तळ्याचे पाणी गाळून वापरावे. क्लोरीन घातलेले नळाचे पाणी टाळावे.

खाद्याचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भक्ष्य शुंडकांना घासले की दंशपेशी (भक्ष्याला टोचून विष सोडणाऱ्या पेशी) सुटतात, आणि जखमेतून झिरपणाऱ्या ग्लुटाथायोन या द्रव्यामुळे हायड्राचे तोंड उघडते. कोरड्या दाण्याने यातले काहीच घडत नाही. तो तळाशी कुजून पाणी मात्र बिघडवतो. मत्स्यालयाच्या दुकानात आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक कवचधारी जीवाची अंडी मिळतात. ती मिठाच्या पाण्यात साधारण एक-दीड दिवसात फुटतात. निघालेली नारिंगी पिल्ले बारीक कापडात गोड्या पाण्याने नीट धुऊन आठवड्यातून दोन-तीनदा द्यावीत आणि काही तासांनी बरणीतले पाणी बदलावे. पिल्लू गिळल्यावर हायड्राचे पारदर्शक पोट नारिंगी होते. मुलांना ते भिंगातून अवश्य दाखवावे.

उत्तर २
वरील सल्ल्याला एक जोड देतो. प्रयोगशाळांत हायड्रा साधारण १८ ते २० अंश सेल्सियसला ठेवतात, त्यामुळे आपल्याकडील उन्हाळा त्यांना सोसत नाही. बरणी मातीच्या परातीत पाणी घालून सावलीत ठेवावी आणि भोवती ओले फडके गुंडाळावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झाले असून तिथल्या एका वाणाला पुण्याचेच नाव आहे, हेही मुलांना आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. हायड्रा कापून पुनर्जनन (तुकड्यापासून पुन्हा पूर्ण प्राणी तयार होणे) दाखवणे मुलांच्या हातून जमेल का?

उत्तर १
जमेल. निसर्ग-अभ्यासक अब्राहम ट्रेंब्ली यांनी १७४० च्या दशकात नेदरलँड्समधील हेगजवळ हेच केले, आणि तेही हा जीव वनस्पती आहे की प्राणी, हे ठरवण्यासाठी. एक दिवस उपाशी ठेवलेला, मुकुल नसलेला हायड्रा घ्यावा आणि नव्या पात्याने मधोमध एकदाच कापावा. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून रोज त्यांचे चित्र काढायला सांगावे. खालच्या तुकड्याच्या वरच्या टोकावर सुमारे दोन दिवसांत शुंडकांचे उंचवटे दिसू लागतील. नवे तोंड उघडेपर्यंत त्याला खाद्य देऊ नये.