भूखी कांसेच्या काठी पावसाळ्यापूर्वीचे श्रमदान : नेमके काय करावे?

प्रश्न (रहिवासी, निजामपुरा, बडोदे)

नमस्कार. छाणीच्या बाजूने निजामपुऱ्यातून वाहत पुढे विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या भूखी कांसेजवळ (कांस म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा नाला) आमची सोसायटी आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आसपासच्या मराठी व गुजराती कुटुंबांनी रविवारी सकाळी श्रमदान करायचे ठरवले असून, कांसेतला गाळ काढावा आणि काठावरची झुडपे तोडून पात्र मोकळे करावे, असा बहुतेकांचा आग्रह आहे. अशा कामाने घरात शिरणारे पाणी कमी होईल का, आणि होणार नसेल तर आमचे श्रम कोठे लावावेत? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता)

तुमच्याकडे येणारे पाणी पावसाचे की नदीचे, हे आधी ठरवावे लागेल. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावरच एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मुसळधार पावसात आजवा सरोवरातून सोडलेल्या पाण्याची भर पडली आणि विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी २६ फूट आहे. नदी इतकी चढली की कांसेतल्या पाण्याला पुढे जायला उतारच उरत नाही, ते मागे तुंबते आणि नदीचे पाणी उलट कांसेत शिरते. त्या वेळी तुम्ही तळ हातभर खोल केलेला असला तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

मात्र नदी खाली असतानाही जोराच्या पावसात तुमच्या रस्त्यावर पाणी साचत असेल, तर त्याचे कारण बहुधा रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकलेले प्लास्टिक, गाद्या आणि बांधकामाचा राडारोडा हेच असते, आणि तेथे स्वयंसेवकांच्या हातांना खरोखर यश येते. म्हणून मोऱ्यांची तोंडे आणि रस्त्याकडेच्या जाळ्या आधी मोकळ्या कराव्यात. काढलेला गाळ काठावर रचून ठेवू नये, कारण पहिल्याच मोठ्या सरीत तो परत आत जातो. तो त्याच दिवशी उचलून नेण्याची सोय महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावी. मोरीच्या भिंतीवर फुटांच्या खुणाही रंगवाव्यात आणि पाऊस चालू असताना सुरक्षित जागेवरून पातळी व वेळ टिपावी. काळा घोडा पुलापाशी मोजलेली नदीची पातळी तिच्याशेजारी मांडली की पाणी पावसाचे की नदीचे, हे पुराव्यानिशी दाखवता येते.

उत्तर (वन्यजीव स्वयंसेवक)

झुडपे तोडण्याला माझा ठाम विरोध आहे. काठाची माती त्यांच्या मुळांनीच धरून ठेवली आहे. झुडपे गेली की काठ ढासळतो आणि तोच गाळ पुन्हा पात्रात येतो. दुसरे असे की विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि पुरात त्या कांसांमधून वस्तीपर्यंत येतात हे बडोद्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्या काठाच्या मातीत बिळे करतात, उन्हाळ्यात तेथेच अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला संरक्षण दिले आहे, तेव्हा नदीकडच्या टोकाला काम करण्यापूर्वी वनखात्याला कळवा. कोणीही पाण्यात उतरू नये, आणि लहान मुलांना तर काठावरही नेऊ नये.

उत्तर (गृहिणी, कारेलीबाग)

साफ केलेली मोरी टिकवायची असेल तर कांसेलगतचे दुकानदार आणि घरांची कामे करणारे ठेकेदार यांच्याशी पहिल्या रविवारीच बोलावे. कचरा तेथूनच येत असेल, तर नुसते उपसून तो थांबणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झुडपांचा विचार आम्ही सोडून देत आहोत. येत्या रविवारी काठाने चालून प्रत्येक मोरीची छायाचित्रे घेऊ, आणि गाळ उचलण्याचा अर्ज वॉर्ड कार्यालयात सोमवारी देऊ. खुणांसाठी पाण्याने न जाणारा रंग कोणता घ्यावा, एवढे अभियंतासाहेबांनी कळवावे.