सातारा ते कन्याकुमारी, डबलसीट आणि सामान: मागचा शॉकअप कितीवर ठेवावा?

सातारकर:
नमस्कार. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 आहे, 2022 ची. दिवाळीनंतर मी आणि बायको कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरूमार्गे कन्याकुमारीला निघतोय. दोघांचं वजन मिळून 128 किलो, वर सॅडलबॅगा आणि मागच्या कॅरियरवरची बॅग धरून 28 किलो. सामान बांधून कासला जाऊन आलो. स्पीडब्रेकरवर मागून ठक्कन आवाज येतो, ऐंशीच्या पुढे हँडल हलकं वाटतं. शॉकअपची स्प्रिंग कमी-जास्त दाबायच्या सहा खाचा आहेत, सध्या दुसऱ्या खाचेवर आहे. मित्र म्हणतो, सरळ शेवटच्या खाचेवर टाक. टाकू का?

घाटवाट:
शेवटच्या खाचेवर टाका, विषय संपला. आम्ही गोव्याला तसेच जातो.

जुना मिस्त्री, कराड:
दादा, थांबा. आधी टेप घ्या.

खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं बहुतेकांना वाटतं. स्प्रिंग तीच राहते. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून बसल्यावर गाडी कमी खाली जाते आणि खड्ड्यासाठी जागा उरते. तुमचा ठक्क आवाज ती जागा संपल्याचा आहे. मागचं खाली बसलं की पुढचं हलकं होतं, हँडलची तक्रार त्यातूनच येते.

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक लटकतं राहू द्या. ॲक्सलच्या नटापासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. मग स्टँड काढून, सामान बांधून, दोघं हेल्मेट-जॅकेटसकट बसा. एकाने गाडी सरळ धरायची, तिसऱ्याने तेच अंतर मोजायचं. दोन आकड्यांतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हवा. प्रवास 90 मिमीच्या आसपास धरला तर 30. निम्मा निघाला तर खाच वाढवा, आणि पुन्हा मोजा.

खाच फिरवायची ती सामान उतरवून, डबल स्टँडवर, टूलकिटमधल्या हुकाच्या पान्याने. सायलेन्सर गार होऊ द्या. खाचा असलेल्या कॉलरवरचा चिखल आधी ब्रशने काढा, नाहीतर पाना सटकून बोटं फुटतात. दोन्ही बाजू एकाच खाचेवर. हे मी हात जोडून सांगतो, एक तिसरीवर आणि एक पाचवीवर अशा गाड्या गॅरेजला येतात.

कोकणकन्या:
मागे बसणारी म्हणून सांगते: जड सामान कॅरियरवरून काढा. पाणी, हत्यारं, चार्जर सगळं सॅडलबॅगेत, खाली आणि पुढे. कॅरियरवर फक्त कपडे. ॲक्सलच्या मागे लटकणारं वजन पुढचं चाक उचलायला बघतं, तिथे शॉकअप कितीही फिरवला तरी हँडलचा हलकेपणा पुरता जात नाही.

सातारकर:
काका, मोजलं. लटकतं 520, बसल्यावर 475, म्हणजे 45 खाली. पाचव्या खाचेवर 487 आलं, फरक 33. ताई, तुमचंही ऐकलं, हत्यारं खाली गेली. ठोसेघरला जाऊन आलो, ठक्क बंद. पण समोरचे डिपर मारतायत.

जुना मिस्त्री, कराड:
33 चांगलं आहे, सहावीला हात लावू नका. डिपर मारतात कारण झोत त्यांच्या डोळ्यांत जातोय; हेडलाइटचा झोत सामान आणि दोघं बसलेले असतानाच खाली आणा, रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग इथे चालत नाही. चेनची ढील वजन टाकून बघा, ताठ झाली असेल तर मॅन्युअलमधल्या मापावर आणा. हवा सकाळी टायर गार असताना, डबलसीटचा आकडा बघून भरा.

आणि परत आल्यावर एकटे ऑफिसला जाताना पुन्हा दुसरीवर या. पाचवीवर रिकामी गाडी खड्ड्यात मागून उडते, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना चाक लवकर सुटतं.

घाटवाट:
काका, माझी तर पहिल्यापासून सहावीवरच आहे, तरी ठोकते.

जुना मिस्त्री, कराड:
मग मोजा. सहावीवरही फरक तिसऱ्या हिश्श्याच्या बराच पुढे असेल तर तेवढ्या वजनाला ती स्प्रिंग पुरत नाही. सामान कमी करा किंवा जाड तारेची स्प्रिंग बसवा. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो आधी बदला.